मामाचा तळपाय

दिवसभर मी परक्या माणसांचे पाय हातात घेते. नांदेडच्या एका सरकारी दवाखान्यात ड्रेसिंगच्या खोलीत माझी ड्यूटी असते आणि तिथं येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक पायाचंच काहीतरी घेऊन येतात. कुणाला शुगरची जखम, कुणाचं नख आत वळलेलं, कुणाच्या टाचेच्या भेगेत माती जाऊन पिकलेलं. पाय पाहिला की माणूस कसा चालत असेल ते मला कळतं, आणि माणूस चालताना पाहिला की पायात काय खुपतंय त्याचा अंदाज येतो. यात माझी हुशारी काही नाही. रोज भाकरी थापणाऱ्या बाईला पीठ हाताला लागताच कळतं, तसंच हे. आणि एवढं असून माझ्या सख्ख्या मामाचा तळपाय मी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत पाहिला नव्हता. मला पाहू दिला गेला नव्हता, असं म्हणायला हवं.

आमच्याकडं भाची म्हणजे देव, मामा तिच्या पाया पडतो. लातूर-नांदेडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, पण पुण्याच्या एका मैत्रिणीला सांगितलं तेव्हा तिला आधी खोटंच वाटलं. भाची पाळण्यात असो की दोन लेकरांची आई झालेली असो, मामा वाकतो, तिच्या पायाला हात लावतो आणि तो हात स्वतःच्या कपाळाला टेकवतो. भाचीनं मात्र मामाच्या पायाला हात लावायचा नाही. चुकून लागला तरी पाप मामाला. त्यामुळं माझा मामा माझ्यासमोर कधी पाय पसरून बसला नाही. मी आले की तो मांडी घालायचा, पाय धोतराखाली ओढून घ्यायचा. मी ओट्यावरून गेले तरी पाय आखडायचा. लहानपणी मला यात फार मोठेपणा वाटायचा. पुढं पुढं नुसती चीड येऊ लागली.

मामाचं घर शिरूर अनंतपाळजवळच्या एका खेड्यात आहे. मी चौथीत असताना आई गेली आणि मामानं मला तिकडं नेलं. दहावी, बारावी तिथूनच केली. नर्सिंगला नंबर लागला तेव्हा मामानं माझी पत्र्याची पेटी डोक्यावर घेतली आणि डांबरी सडकेपर्यंत पायी माझ्यासोबत आला. बस येईपर्यंत उभा राहिला. मी खिडकीत बसले तर त्यानं खिडकीतून हात घालून माझ्या पायाला हात लावायचा प्रयत्न केला, पोचेना, म्हणून खिडकीच्या गजालाच हात लावून कपाळाला लावला. बसमधले लोक बघत होते. मी मान खाली घातली होती. हा माणूस दिवसातून दोनदा शेतात पायी जायचा, सकाळी एकदा आणि ऊन उतरल्यावर एकदा. गाडी घ्या म्हटलं तर म्हणायचा, पायाला काय झालंय.

मग पायाला झालं. म्हणजे सगळे म्हणत होते गुडघ्याला झालं. दोन-तीन वर्षांपासून उजवा गुडघा दुखायचा, ठणकायचा, संध्याकाळी सुजायचा. गावात गुडघ्याचा जाणकार नाही असा माणूस सापडणार नाही. निरगुडीचा पाला शेकून झाला, रुईची पानं बांधून झाली, कुणी आणून दिलेलं तेल चोळून झालं, चिटकणारा पट्टा आणून झाला. मामेभाऊ लातूरला नोकरीला आहे, तो मामाला तिथल्या एका डॉक्टरांकडं घेऊन गेला. फोटो काढला. झीज आहे, आता ऑपरेशनचा विचार करू शकता, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. झीज होतीच. पण मामा तिथं गेला तो मामेभावाच्या लग्नातले काळे बूट आणि नवे मोजे घालून. शहरात दवाखान्यात जायचं म्हणजे नीटनेटकं जायला पाहिजे ना. रोजच्या चपला घरी राहिल्या. गुडघा तपासताना धोतर वर केलं, मोजा कुणी काढला नाही आणि मामानंही काढला नाही. डॉक्टरांसमोर पाय उघडे करायचे म्हणजे त्याला लाज वाटली असणार.

त्यानंतर मामा खचला. ऑपरेशनची त्याला धास्ती होती आणि दुखणं तर थांबेना. शेताला जाणं आधी एक वेळेवर आलं, मग दोन दिवसांआड, मग बंद. दिवाळीच्या आधी मामीचा फोन आला की मामानं ठरवलंय, येत्या गुढीपाडव्याला शेत बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, लावून द्यायचं आणि दोघांनी लातूरला पोराकडं राहायला जायचं. मामेभावाचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, पण बहुतेक वेळा बंदच असते. मामी म्हणाली, तुझा मामा तिथं वर्षभर बी टिकणार न्हाई, आणि फोनवर रडली. मामीला रडताना मी कधी ऐकलं नव्हतं.

दिवाळीत गेले. नांदेडहून अहमदपूर, तिथं गाडी बदलून पुढं. गाडीची पायरी चढताना माझाही गुडघा कुरकुरला, पण सणाच्या गर्दीत उभं राहून प्रवास केल्यावर कुणाचा कुरकुरणार नाही. घरी पोचले तर मामा खांबाला धरून उठला. मी म्हटलं बसा. त्यानं वाकायला सुरुवात केली आणि अर्ध्यातच थांबला. गुडघा वाकेना. एक हात खांबाला, दुसरा हवेत, तसाच काही क्षण उभा राहिला. मग हात जोडले आणि म्हणाला, "आता लांबूनच घे माय. गुडगा साथ देईना." डोळे भरले होते त्याचे. माझ्या पायापर्यंत हात पोचला नाही याचं त्याला दुखण्याहून जास्त वाईट वाटलं होतं.

मला रडू आलं नाही, राग आला. बाहेर येऊन चपला घालायला गेले तर तिथंच मामाच्या रोजच्या चपला पडल्या होत्या. सवयीनं उचलून पाहिल्या. डावी सरळ झिजली होती. उजवीची बाहेरची कड पार कागदासारखी झाली होती आणि आतली बाजू जवळपास नवी. मी ती चप्पल हातात घेऊन पायरीवर बसले. इतकं उघड होतं की स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. हा माणूस उजव्या पायाच्या आतल्या बाजूवर भारच देत नव्हता. पाऊल बाहेरच्या कडेवर तिरकं टाकत होता, म्हणजे प्रत्येक पावलाला गुडघ्यावर तिरका दाब. शेताला जाता-येता, रोज दोनदा, किती वर्षं कोण जाणे. तळव्यात काहीतरी खुपत असल्याशिवाय माणूस असं चालत नाही.

मामीला विचारलं तर ती सहज म्हणाली, हाव, कुरूप हाय की. लई जुनं. मधी मधी ब्लेडनं तासतेत, एकदा बिब्ब्याचा चटका बी दिला होता. जसं काही दाराच्या कडीला गंज चढलाय असं सांगत होती. कुरूप म्हणजे तळव्याला कातडी दाबून दाबून दगडासारखी झालेली गाठ, मधोमध टोक, पाऊल टेकलं की टाचणी टोचल्यासारखं. मी म्हटलं मामी, हे मला आजवर कुणी का नाही सांगितलं. ती म्हणाली, तू गुडघ्याचं विचारत होतीस.

मी आत जाऊन मामाला म्हटलं, पाय दाखवा. त्यानं पाय आणखी आत ओढला. मी समजावलं, चिडले, पुन्हा समजावलं. म्हटलं, हेच माझं काम आहे. तो एकाच जागी अडून बसला.

"पाप लागतंय बाई," तो म्हणाला. "तेवढं सोडून काय बी सांग."

मी नांदेडला परत आले ती दातओठ खात. दवाखान्यात रोज वीस-पंचवीस पाय हाताखालून जायचे आणि प्रत्येक पायाबरोबर तो एक न पाहिलेला पाय डोक्यात यायचा. फोनवरून मामीला शिकवायचा प्रयत्न केला. कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय ठेव, आधी तुझ्या हाताच्या कोपरानं पाणी बघ, मग कोरडा कर, बोटांच्या बेचक्यासुद्धा, मग मऊ झालेली कातडी हलक्या हातानं घास. मामीला जवळचं धड दिसत नाही. तिनं पाणी तापवलं, मामानं पाय बुडवला, आणि मग स्वतःच ब्लेड घेतलं. दोन दिवसांनी कळलं की रक्त निघालं आणि त्यावर हळद दाबली. मी फोनवर इतकी ओरडले की शेजारच्या टेबलवरची सिस्टर उठून आली. पायाला लावायला युरियाची क्रीम पाठवली तर मामानं निरोप दिला की युरिया पिकाला टाकतेत, माणसाला न्हाई. ट्यूब तशीच पडून राहिली. मामेभावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, दुखतोय गुडघा आणि तुम्ही पायच धरून बसलाय." शिकलेला माणूस. मी फोन ठेवून दिला, नाहीतर काहीतरी बोलून गेले असते.

खरं सांगायचं तर मला त्यांच्या अडाणीपणाचा राग नव्हता. अडाणीपणा तर कुठं होता, मामाला पिकावरचा रोग पानाच्या उलट्या बाजूवरून कळतो. शेंडा वाळला तर मूळ बघ, हे त्यानंच मला लहानपणी दाखवलं होतं. तोच माणूस स्वतःच्या अंगाच्या बाबतीत शेंड्याला तेल चोळत बसला होता. आणि मूळ ज्याला दिसत होतं त्या माणसाला पापाच्या नावानं दाराबाहेर उभं केलं होतं.

शेवटी मी तडजोड काढली. म्हटलं, मी हात लावत नाही, नांदेडला या, आमच्याकडं एक ब्रदर आहेत, हाताला फार हलके, ते बघतील. मामा कबूल झाला. संक्रांतीनंतर मामेभावानं त्याला गाडीत बसवून दिलं आणि मी स्टँडवर उतरवून घेतलं. पायात तेच लग्नातले बूट, तेच मोजे. गाडीतून उतरायलाच त्याला एवढा वेळ लागला की मागची माणसं बोलायला लागली. रिक्षानं दवाखान्यात आणलं, ड्रेसिंगच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसवलं आणि आत गेले तर कळलं की ब्रदरना सकाळीच दुसऱ्या वॉर्डला पाठवलंय. दुपारनंतर येतील, कदाचित. माझ्यापुढं रांग होती. मामाला म्हटलं, थांबा थोडं.

खोलीचं दार उघडंच असतं. मामा समोरच बसला होता. त्या दिवशी किनवटकडून एक म्हातारा आला होता, टाचेची जखम कितीतरी दिवस फडक्यात गुंडाळून जंगलातनं चालत फिरलेला. फडकं सोडताना आलेल्या वासानं रांगेतली माणसं मागं सरकली. मी स्टुलावर बसून त्याचा पाय मांडीवर घेतला, धुतला, मेलेली कातडी काढली, पुन्हा धुतला. त्याच्या नखांत माती होती तीही काढली. तो म्हातारा सारखा पाय मागं ओढत होता आणि मी सारखी त्याला पुढं घ्यायला लावत होते. मध्येच मान वर केली तर मामा माझ्याकडं बघत होता. चेहरा असा की जणू कुणी मला मारतंय आणि त्याला उठता येत नाहीये.

पाच-सहा पेशंट झाल्यावर मी बाहेर आले. मामा भिंतीला धरून उभा राहिला होता. म्हणाला, चल, मला स्टँडवर सोड. ब्रदर येतीलच म्हटलं तरी ऐकेना. काय झालं विचारलं तर म्हणाला, "तुला शिकवलं ते लोकाचे पाय धुवायला न्हाई. खुर्चीवर बसशील वाटलं होतं."

ते मला लागलं. आजही लिहिताना लागतं. इतकी वर्षं मी या कामावर घर चालवलं, दोन लेकरं शिकवली, आणि ज्या माणसानं पेटी डोक्यावर घेऊन मला इथवर पोचवलं त्यालाच माझ्या कामाची लाज वाटत होती. कॉरिडॉरमध्ये माणसं होती, माझ्यासोबतची सिस्टर बघत होती. मला कशाचंही भान राहिलं नाही.

"मला लाज वाटत नाही मामा, तुम्हाला वाटते," मी म्हटलं. "एवढा मोठा माणूस माझ्या पाया पडतो तेव्हा मी शरमेनं अर्धी होते. तरी आजवर पडू दिलं, कारण तुमचं मन. देव मानता ना मला? मग देवाचं ऐका. पाय पुढं करा."

मामा त्या खोलीच्या दाराकडं बघत राहिला. किनवटचा म्हातारा पांढरं बँडेज बांधून, औषधं घेऊन, नातवाच्या आधारानं, आमच्या समोरून गेला. जाताना मला हात जोडून गेला. मामानं त्याच्या पायाकडं पाहिलं, मग माझ्या हातांकडं पाहिलं. मग बाकावर बसला, आणि बसल्या बसल्याच पुढं झुकून, जितकं जमेल तितकं, माझ्या बुटाच्या टोकाला बोटं लावली आणि कपाळाला नेली. डोळे मिटून पुटपुटला. माझ्या आईची माफी मागत होता हे मला नंतर कळलं. मग त्यानं मोजा काढला.

तर तो पाय असा होता. अंगठ्यामागच्या गादीवर चिंचोक्याएवढं कुरूप, ब्लेडनं तासून तासून भोवती चिरा पडलेल्या. टाचा फुटलेल्या. अंगठ्याचं नख जाड होऊन कडेला मांसात घुसलेलं. आणि वाईट म्हणजे तो पाय जपणाऱ्या माणसाचाच होता, रोज घासून धुतलेला, स्वच्छ. तो धूत होता आणि तसाच ओला ठेवत होता, इतकंच. आधी शुगर तपासली, बोटांना स्पर्श कळतो का पाहिलं, जखम चिघळली नाही ना ते आमच्या डॉक्टरांना दाखवलं. गुडघ्याचा फोटोही दाखवला. ते म्हणाले, झीज आहे खरी, पण आधी चाल सरळ होऊ द्या, मग ऑपरेशनचं बघू. मग मी कातडी मऊ करून थर काढायला घेतले. एका दिवसात होत नाही ते. मामानं पूर्ण वेळ मान दुसरीकडं वळवून ठेवली होती, इंजेक्शन घेताना लोक ठेवतात तशी. दुखतंय का विचारलं तर म्हणाला, न्हाई, लाज वाटायलीय.

त्यानंतर दर दुसऱ्या रविवारी मी जात राहिले. नांदेड, अहमदपूर, पुढं शिरूरची गाडी, तिथून मिळेल ते. सुट्टीचा दिवस सगळा स्टँडवर जायचा. आणि दर वेळी तेच नाटक. मी घमेल्यात कोमट पाणी घेऊन बसले की मामा म्हणायचा थांब. आधी माझ्या पाया पडायचा, म्हणजे पुढं होणाऱ्या पापाची भरपाई आधीच. ज्या गुडघ्याला ताण देऊ नका म्हणून मी कानीकपाळी ओरडत होते तोच गुडघा वाकवून. मी संतापायचे, खुर्चीतूनच करा म्हणायचे, तो ऐकायचा नाही. दवाखान्याजवळच्या चांभाराकडून मऊ तळाची चप्पल शिवून घेतली, कुरुपाखाली खड्डा ठेवलेली. ती घरातसुद्धा घालायची होती, कारण खाली शहाबादी फरशी, दगडच. त्यावर मामीनं आठ दिवस वाद घातला की चप्पल घालून माणूस स्वयंपाकघरात येणार का, देवासमोर जाणार का. शेवटी देवासमोर अनवाणी आणि बाकी सगळीकडं चप्पल असा तह झाला.

गावातल्या लोकांचा तर वेगळाच ताप. जो येईल तो विचारायचा, काटा निघाला का. त्यांच्या मते आत बाभळीचा जुना काटा होता. मी सांगायचे काटाबिटा नाही, नुसती मेलेली कातडी आहे. त्यांचा विरस व्हायचा. काटा निघाला असता तर सगळ्यांनी मान्य केलं असतं की दुखणं पायात होतं. नुसत्या घासण्या-पुसण्यानं गुडघा हलका होतो हे कुणाला पटेना, मामेभावाला तर नाहीच. पण फेब्रुवारीच्या शेवटी मामीनं फोनवर सांगितलं की मामा आज सडकेपर्यंत जाऊन आला. पुढच्या रविवारी मी त्याला अंगणात चालायला लावलं आणि मागून पाहिलं. पाऊल सपाट पडत होतं. गुडघा बरा झाला असं मी म्हणणार नाही. झिजलेलं भरून येत नसतं. पायरी चढताना त्याला अजून कळ येते आणि पुढं कधी ऑपरेशन लागेलही. पण संध्याकाळची सूज गेली होती आणि तो रात्रीचा झोपू लागला होता.

पाडव्याच्या दिवशी मी गेले तेव्हा बटईची बोलणी झालीच नव्हती. सकाळीच मामा एकटा शेतात जाऊन आला होता. जाताना काठी टेकत, येताना काठी खांद्यावर. मामी गुढीपुढं नैवेद्य ठेवत होती आणि तिच्या चेहऱ्यावरनं मला कळलं की लातूरचा विषय संपलाय, निदान या वर्षापुरता. मी बाहेर चपला काढल्या, पाय धुतले, आत आले. पायऱ्या चढताना भिंतीला हात लावावा लागला, पण त्या महिन्यात माझ्या ड्यूट्या लागोपाठ होत्या.

मामा उठला. खांबाला न धरता उठला. आणि वाकला, पार खाली, दोन्ही हात माझ्या पायांवर. मी मान वळवली, मला अजूनही ते बघवत नाही. पण तो उठेना. मला वाटलं गुडघा अडकला, म्हणून खाली पाहिलं, तर मामा माझी टाच धरून बसला होता आणि भेगेवरून अंगठा फिरवत होता.

"गुडगा कव्हापासून दुखायलाय तुझा?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, नाही दुखत. मी दिवसभर उभी असते, टाचा फुटणारच, त्याचा गुडघ्याशी काय संबंध. हे वाक्य तोंडातून निघालं आणि मलाच ऐकू आलं. माझ्या पर्समध्ये मलमाची ट्यूब होती, गुडघ्याला चोळायची. गेले सहा महिने होती.

"खोटं नगं बोलू," मामा म्हणाला. "मगाशी तू पाय धूत होतीस तवा भायेर तुझी चप्पल बगितली मी."

त्यानं मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि मामीला पाणी कोमट करायला सांगितलं. कोपरानं बघ आधी, असंही सांगितलं. मी म्हटलं मामा, राहू द्या, मी घरी करते. तो घमेलं ओढून समोर बसला, मी पाठवलेल्या त्याच युरियाच्या ट्यूबचं झाकण उघडलं आणि माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. मामानं भाचीच्या पायाला हात लावायला कुणाचीच आडकाठी नसते.